"डुप्लिकेट रॅम" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, शनिवारी तुम्हाला दोन तास थांबावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. यापुढे किती वेळ लागेल ते आधीच सांगायचं बघतो. पण "डुप्लिकेट रॅम दिली, 8 जीबी सांगून 7.6 निघाली" हे जे तुम्ही लिहिलंय ते वाचून फार लागलं, कारण लोक एवढंच वाचतात आणि दुसऱ्या दुकानात जातात.

सर तुमचा लॅपटॉप चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, त्याला डीडीआर3एल प्रकारची रॅम लागते, 1.35 व्होल्टची, 204 पिनची. तुम्ही ऑनलाइन मागवून आणलेली डीडीआर4 होती, 260 पिनची, तिची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. तुम्ही अंगठ्याने दाबायला लागलात तेव्हा मीच थांबवलं, कारण स्लॉट तुटला की मदरबोर्डचंच काम निघतं. तुम्ही म्हणालात लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी टाकतात त्या सिस्टीमला, कुठलीही रॅम चालते. लिनक्स जुन्या मशीनवर मस्त चालतं, मी स्वतः गिऱ्हाइकांना टाकून देतो, पण कुठली रॅम बसणार आणि किती बसणार हे प्रोसेसर आणि बोर्ड ठरवतो, तिथे विंडोज काय नि लिनक्स काय.

मग आमच्याकडची 4 जीबीची रिकाम्या स्लॉटमध्ये लावली आणि तुमच्यासमोरच टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड ही कुठल्या स्लॉटला किती रॅम आहे ते सांगणारी कमांड मारून दाखवली, दोन्ही स्लॉटला 4-4 जीबी. बायोसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालतं त्यात, 8192 एमबी म्हणजे 8 जीबीच येतंय, बघा. फ्री या वापरायला मिळणारी रॅम दाखवणाऱ्या कमांडला 7.6 दिसतं कारण तुमच्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, ते याच रॅममधली थोडी घेतं, आणि थोडी बायोस आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःसाठी राखून ठेवतात. आधी 4 होती तेव्हाही पूर्ण 4 दिसत नव्हती सर, तेव्हा कोणी डुप्लिकेट म्हणालं नाही.

आणि ते दोन तास मेमटेस्टमध्ये, म्हणजे रॅम तपासण्यात गेले. रॅम खराब असली तर लिनक्स मधेच हँग होतं, फाइली बिघडतात, म्हणून मी पूर्ण पास झाल्याशिवाय मशीन हातात देत नाही. पाच मिनिटांत झाकण लावून देता आलं असतं.

बिलावर सिरीयल नंबर आहे, तोच रॅमच्या स्टिकरवर आहे. कधीही या, उघडून जुळवून दाखवतो, नाही जुळला तर पूर्ण पैसे परत. उशीर झाला म्हणून एक स्टार दिलात तर राहू द्या, पण डुप्लिकेट हा शब्द तेवढा काढा ही विनंती.