‘मागे आमचा पोरगा बसतो’ : एटीव्ही राइडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

किनाऱ्यावरच्या एटीव्ही (जाड टायरांची, बाईकसारखं हँडल असलेली चारचाकी) राइडवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही स्वतः अलिबागच्या बाजूला या गाड्या भाड्याने लावता, तेव्हा तुमच्या रागाचं कारण मला समजतं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: ‘गाडी वीसच्या वर पळत नाही. चार चाकं आहेत, उलटणार कशी? लहान मूल असेल तर मागे आमचा पोरगा बसतो. कासवं तिकडे वेळासला, आमच्याकडे नाहीत. ताई पुण्यात बसून लिहितात आणि इथे आमच्या पोटावर पाय येतो.’

पोटाचं आधी घेते. पावसाळाभर धंदा बंद, गाड्यांचे हप्ते मात्र चालू, आणि कमाई काय ती शनिवार-रविवारची नि सुट्ट्यांची. हे मला माहीत आहे. मी मावळात ऑफरोड गाड्या चालवायला शिकवते, माझंही घर याच गाड्यांवर चालतं. राइड बंद करा असं त्या लेखात मी कुठेही म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. मूल पुढे, पर्यटक मध्ये आणि तुमचा पोरगा मागे, अशी तिघांची रांग एका सीटवर बसवू नका, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

तुम्हाला वाटतं मागे जाणता माणूस असला की राइड सुरक्षित झाली. पण एटीव्हीची सीट लांब असते ती दोघा-तिघांना बसता यावं म्हणून नव्हे, तर चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळताना अंग आतल्या बाजूला टाकायचं, आडव्या उतारावर चढाच्या अंगाला कलायचं. ही गाडी निम्मी हँडलने चालते आणि निम्मी अंगाने. मध्ये अडकलेल्या माणसाला जागचं हलताच येत नाही. मागच्याचं वजन मागच्या चाकांवर पडतं आणि पुढची चाकं हलकी होतात. अशी गाडी वाळूच्या उंचवट्यावर थ्रॉटल (वेग वाढवायची पट्टी) देऊन चढवली की नाक उचलते आणि मागे पलटी होते. तेव्हा सगळ्यात खाली तुमचा पोरगाच असतो. त्याचा विचार तुम्ही करत नसाल असं मी मुळीच म्हणणार नाही, म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या गाडीच्या मडगार्डवर किंवा टाकीजवळ प्रवासी बसवू नये असा स्टिकर असेल, मिठाने पुसट झाला असला तरी बघा. दोघांसाठी बनवलेली मॉडेलं असतात, पण ती लांबीला जास्त असतात आणि मागच्या माणसाला धरायला कड्या असतात. त्यांवरही दोनच माणसं.

पुढे बसलेल्या मुलाचा धोका आणखी वेगळा. बाईकला मूठ पिळावी लागते, इथे थ्रॉटल अंगठ्याने दाबायचं असतं. गाडी उसळली की माणूस हँडल घट्ट आवळतो आणि त्याच झटक्यात अंगठा आत जातो. म्हणजे घाबरल्यावर गाडी थांबायच्या ऐवजी पळते. मोठ्यांचंही असं होतं, मग हँडलला लोंबकळलेल्या चार वर्षांच्या पोराचं काय सांगायचं?

बाईक चालवून सरावलेल्यांची आणखी एक खोड मी दर बॅचला बघते. गाडी कलतेय असं वाटलं की पाय आपोआप जमिनीकडे जातो. बाईकवर त्याने तोल सावरतो. एटीव्हीवर पायाच्या बरोब्बर मागे मागचं चाक असतं. पाय खाली टेकला की चाक घोट्यावरून वर चढतं. ‘काय वाट्टेल ते झालं तरी पाय फूटरेस्टवरून काढायचा नाही’ हे एक वाक्य तुमच्या पोराने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, तरी कितीतरी पाय वाचतील.

आता वेग आणि चार चाकं. या गाड्या उंच, अरुंद आणि लांबीला कमी असतात. मोठ्यांची एटीव्ही अडीचशे-तीनशे किलोची सहज भरते. ती अंगावर येऊन छातीवर बसली तर वेग किती होता याने काही फरक पडत नाही, माणूस श्वास कोंडून जातो. ऑस्ट्रेलियात शेतकरी मेंढरांमागे आणि कुंपणाच्या कामाला हीच गाडी वापरतात, तिथे तिला क्वाड बाईक म्हणतात. हळू चालणाऱ्या क्वाडखाली दबून तिथे इतकी माणसं गेली, की ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला चालवणाऱ्याचा बचाव करणारी कमान सक्तीची झाली. होंडा आणि यामाहाने ती बसवण्यापेक्षा तिथला क्वाडचा बाजार सोडला. कमानीवर त्यांचे आक्षेप होते, पण हळू गाडीही उलटते याबद्दल वाद नव्हता. अमेरिकेत तर तीनचाकी एटीव्हीची विक्री १९८८ सालीच थांबवावी लागली. त्याच वेळी ९० सीसीच्या वरची गाडी १६ वर्षांखालच्यांना नाही, असंही कंपन्यांकडून कबूल करून घेतलं गेलं. या कंपन्या गाड्या विकून पोट भरणाऱ्या होत्या, तुमच्यासारख्याच. तरी त्यांना हे मान्य करावं लागलं.

तुमच्या गाड्यांच्या देखभालीबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी विचारते. टायरमध्ये हवा कुठे भरता? एटीव्हीचा टायर मऊ असावा लागतो, साधारण ३ ते ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), नेमका आकडा टायरवर किंवा पुस्तिकेत असतो. पंक्चरवाल्याच्या गेजचा काटा एवढ्या कमी दाबाला जेमतेम हलतो, मग तो सवयीने बाईकइतकी हवा ठोकतो. किनाऱ्यांवर मी टणक फुगलेले टायर बोटाने दाबून पाहिलेत, अजिबात दबत नाहीत. अशी गाडी प्रत्येक खड्ड्यात चेंडूसारखी उडते. कमी दाब दाखवणारा गेज फार महाग नाही, गाड्यांजवळच ठेवा.

दुसरं थ्रॉटल. खारं पाणी आणि वाळू केबलमध्ये शिरली की ती अडकायला लागते. रोज सकाळी इंजिन बंद ठेवून अंगठ्याची पट्टी पूर्ण दाबा आणि सोडा. टक्कन मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तसंच करा. एकदा जरी रेंगाळली तरी ती गाडी त्या दिवशी लावायची नाही, मग दिवाळीच्या सुट्टीतला रविवार का असेना. लाल किल स्विच (इंजिन झटकन बंद करणारं बटण) नीट चालतो का तेही त्याच वेळी बघून घ्या.

आणि संध्याकाळी गाड्या डांबरी रस्त्याने घरी नेता ना? पुष्कळ एटीव्हींचा मागचा अ‍ॅक्सल म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा दांडा एकसंध असतो, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. वाळूत आतलं चाक घसरतं म्हणून गाडी वळते. डांबरावर ते घसरत नाही, गाडी सरळ जायला बघते नाहीतर आडवी होते. शिवाय यांतल्या बहुतेक गाड्या रस्त्यासाठी नोंदवलेल्याच नसतात. टेम्पोत घालून न्या.

कासवांचं म्हणाल तर वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली म्हणून ते नाव सगळ्यांना ठाऊक. पण तुमच्या रायगडातच दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी सापडतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत दीड फूट खोल शंभरेक अंडी घालते. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, पिल्लं बाहेर पडणं मेपर्यंत चालतं, म्हणजे नेमका तुमचा सीझन. चाकाने पडलेल्या चरात एवढंसं पिल्लू अडकतं आणि समुद्राकडे न जाता चराबरोबर चालत राहतं. कासव एकही आलं नाही असं धरलं, तरी वरच्या वाळूवर मर्यादवेल असते. तीच वाळू धरून ठेवते, आणि ती चाकाखाली गेली की वाळू तुमच्याच सुरूच्या बनाकडे सरकते. तेव्हा सुकी वाळू सोडा. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू वापरा, अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढू नका.

मग धंदा कसा करायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या ओल्या वाळूवर दोर बांधून लांबट गोल ट्रॅक आखा, म्हणजे पाण्यात खेळणारी माणसं आत येणार नाहीत. एका गाडीवर एकच माणूस, सगळे एकाच दिशेने. तुमचा पोरगा मागे बसण्याऐवजी मध्ये उभा राहू दे, हातात शिट्टी आणि लाल फडकं. पैसे मिनिटांवर घेऊ नका, फेऱ्यांवर घ्या. मिनिटांवर घेतले की गिऱ्हाईक तेवढ्या वेळात जास्त फेऱ्या मारायला बघतं आणि जोरात सुटतं. पहिला फेरा सावकाश, शिकण्यापुरता, तो पैशांत धरू नका. हेल्मेट घामट म्हणून लोक नाकारतात, तर आत घालायला धुतलेल्या सुती टोप्या ठेवा. पट्टा लावल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, ती केली नसेल तर करा. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न तोच येईल.

पाच वर्षांच्या मुलाचे आईबाप पैसे हातात घेऊन उभे असतात, त्यांना काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. अगदी छोट्या, मुलांसाठी बनवलेल्या एटीव्हीवरही कंपन्या सहा वर्षांखालचं मूल बसवू नका म्हणतात. तेव्हा नाहीच म्हणा. किल्ली काढून उभ्या गाडीवर बसवा, हेल्मेट घाला, फोटो काढू द्या. त्याचे पैसे घेतलेत तरी माझी काही हरकत नाही.