युरो हॉकी टूर बघताय? मग चौथी लाइन बघा

युरो हॉकी टूर या आइस हॉकी स्पर्धेचा एखादा टप्पा संपला की चर्चेचे सूर ठरलेले असतात. जिंकणाऱ्यांकडे 'यंदा जगज्जेतेपद आपलंच' आणि हरणाऱ्यांकडे 'कोच बदला'. मला दोन्ही पटत नाहीत. हा चषक म्हणजे निवड चाचणी आहे, फक्त तिकीट लावून घेतलेली. गुणतक्ता बघून तिच्यातून फार काही हाती लागत नाही.

आधी रचना सांगतो. फिनलंड, स्वीडन, चेकिया आणि स्वित्झर्लंड असे चार संघ. एरवी नोव्हेंबरात फिनलंडची कार्याला स्पर्धा, डिसेंबरात स्वित्झर्लंड, फेब्रुवारीत स्वीडन आणि मे महिन्यात, जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, चेकिया असा क्रम. ऑलिंपिकच्या वर्षी तो सरकतो. प्रत्येक संघाला प्रत्येक ठिकाणी तीन सामने, म्हणजे हंगामात बारा. साठ मिनिटांत जिंकलात तर 3 गुण, जादा वेळेत किंवा पेनल्टी शॉट्सवर जिंकलात तर 2, तिथे हरलात तरी 1.

आता खरी गोम. नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारीत एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बड्या व्यावसायिक लीगचा, हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे तिथले खेळाडू येत नाहीत. उरतात युरोपातल्या लीगमधले. ते सोमवारी-मंगळवारी जमतात आणि साधारण गुरुवारी पहिला सामना. हातात सराव दोन, फार तर तीन. एवढ्यात बचावाची शिस्त बसते, पॉवर प्ले (समोरचा एक जण शिक्षेत असतानाचा हल्ला) बसत नाही. म्हणून इथे '5 वि. 4' मध्ये संघ चाचपडताना दिसले की लगेच नावं ठेवू नका.

पॉवर प्ले का फसतो ते समजून घ्या. कबड्डीत गडी बाद होऊन बाहेर बसतो, तसा इथे शिक्षा झालेला खेळाडू दोन मिनिटं पेटीत बसतो. समोरच्यांनी गोल केला की आधीच सुटतो. पाच जणांची नेहमीची मांडणी 1-3-1: एक जण निळ्या रेषेवर (जिथून समोरच्यांचा भाग सुरू होतो) मधोमध, दोघं दोन बाजूंना, एक मधे आणि एक थेट गोलरक्षकाच्या नाकासमोर. बाजूच्या खेळाडूने आलेला पास न थांबवता फटकावायचा, तर डाव्या बाजूला स्टिक उजवीकडे धरणारा हवा आणि उजव्या बाजूला डावीकडे धरणारा. युरोपात डावीकडे धरणारेच जास्त. उजवा नेमबाज नसला की डाव्या बाजूला आलेला पास आधी अडवावा लागतो. त्या अर्ध्या सेकंदात गोलरक्षक सरकून बसलेला असतो.

त्याहून मोठी अडचण निळी रेषा ओलांडण्याची. हल्ली सगळेच ड्रॉप पास वापरतात: पक (खेळायची रबरी चकती) घेऊन वेगात मधून निघायचं, बचाव मागे ढकलायचा आणि पक मागून धावत येणाऱ्या साथीदारासाठी सोडायचा. मागच्याचा वेग जुळला नाही तर तो रेषेवर जवळजवळ उभाच राहतो, पुढे चौघांची भिंत. पक हिसकावला जातो, थेट आपल्या टोकाला भिरकावला जातो आणि वीसेक सेकंद तो परत आणण्यात जातात. असं दोनदा झालं की शिक्षा संपत आली. क्लबमध्ये महिनोन् महिने घोटलेली ही गोष्ट तीन दिवसांत येणार कुठून?

म्हणून माझी नजर तिसऱ्या-चौथ्या लाइनवर असते. खो-खोत बचावाची तिघांची तुकडी उतरते, तशा इथे तीन-तीन आक्रमकांच्या चार लाइन, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी बदलणाऱ्या. मे महिन्यात एनएचएलवाले आले की वरच्या दोन लाइन त्यांच्या. खालच्या जागा कोणाच्या, ते या टूरमध्ये ठरतं. कोण शॉटसमोर अंग घालतो, स्वतःच्या टोकाचे फेसऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू होतो ते) कोण जिंकतो, दमल्यावर पक खोलवर टाकूनच बदलीला कोण येतो, हे बघा. मधेच पक गमावून बेंचकडे वळणारा खेळाडू कोचच्या वहीतून तिथेच कटतो.

2019 च्या जागतिक स्पर्धेतला फिनलंड आठवा. संघात एनएचएलमधलं फारसं कोणी नव्हतं, तरी ब्रातिस्लाव्हात अंतिम सामन्यात कॅनडाला 3-1 हरवलं. त्यातले दोन गोल कर्णधार मार्को आंत्तिलाचे, उपांत्य फेरीत रशियाविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच. असा संघ मे महिन्यात आकाशातून पडत नाही.

गोलरक्षकावरून मात्र निष्कर्ष काढूच नका. 28 शॉटपैकी 26 अडवले तर 92.9 टक्के, 25 अडवले तर 89.3. कोणाच्या तरी स्केटला लागून आत गेलेला एक पक, आणि माणूस 'चांगला'चा 'वाईट' होतो.

रिंकची रुंदीही ध्यानात ठेवा. युरोपातली जुनी रिंक 30 मीटर रुंद, एनएचएलची जेमतेम 26. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मीटर जादा. रुंद बर्फावर कडेकडेने पक फिरवत राहिलं तर ताबा दिसतो, धोका नसतो. बीजिंग ऑलिंपिकला 2022 मध्ये रिंक अरुंदच होती. तिथे कडेचा खेळाडू गोलच्या जवळ असतो आणि विचाराला वेळ कमी. रुंद रिंकवर चमकलेला सगळीकडे चालेलच असं नाही.

रशियाला 2022 मध्ये निलंबित केल्यावर स्वित्झर्लंड आत आलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. खेळाच्या दृष्टीने ही नुसती जागा भरणं नव्हतंच. जागतिक स्पर्धेतली 2013 आणि 2018 ची रौप्यपदकं त्यांच्याकडे होतीच, मग 2024 आणि 2025 चीही आली. 2024 ला प्रागमध्ये चेकियाकडून 0-2, तेही 49 व्या मिनिटानंतर पास्त्रनाकने कोंडी फोडल्यावर आणि शेवटचा गोल रिकाम्या जाळीत.

माझी एकच तक्रार. टप्प्यातला एक सामना यजमानांच्या देशाबाहेर, खेळणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरी खेळवायची जुनी पद्धत आहे. तिकिटं खपतात, पण त्या दोन संघांना सामना, विमान आणि मग लगेच पुढचा सामना. आधीच दोन-तीन सराव, त्यातला एक प्रवासात जातो.

इथून बघणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरात फिनलंडची संध्याकाळी 6 ची लढत आपल्याकडे रात्री 9.30 ला, स्वित्झर्लंडची डिसेंबरातली 10.30 ला. मे महिन्यात चेकियाची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा तीच 9.30 ला. पहिल्या दहा मिनिटांत चौथी लाइन किती वेळा उतरली तेवढं मोजा.