खुडा झालेली बाग सोन्याच्या भावात घ्या

इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग ऑगस्टात सुरू होते, ही चूक इंग्रजांची. गणपती बघून तारखा काढायला त्यांना काय झालं? ते काढत नाहीत, म्हणून आमचा फँटसी ड्राफ्ट दरवर्षी विसर्जनानंतर होतो. म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आळीपाळीने आपापला संघ निवडायचा, एक खेळाडू एकाकडेच, आणि तो मैदानात जे करेल त्याचे गुण आपल्याला. वर्गणी, ढोल, बसलेले घसे यात तीन फेऱ्या उलटतात. यंदा नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर आम्ही आठ जण मिसळ हाणून बसलो. तिथे मिळालेलं ज्ञान तुम्हालाही देतो.

आधी खेळाडूंच्या गुणांचा तक्ता उघडा आणि वरून नावं उचलत चला. झालेले गुण आपल्या खात्यात येत नाहीत, असं कुणी सांगू लागला तर त्याच्या ताटात आणखी एक पाव टाका. आमच्या एका भाऊंची चिठ्ठी पहिली निघाली. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरतो, म्हणजे आठ जणांत पहिली निवड केली की पुढची थेट सोळावी, त्यामुळे ती जपून करायची असते. भाऊंनी उचलला बचावपटू! का, तर त्याने कॉर्नरवर डोकं लावून एक गोल केला होता. बचावपटूच्या गोलाला ६, क्लीन शीटचे, म्हणजे संघाने एकही गोल न खाल्ल्याचे ४, झाला तक्त्यात वर. अहो, पिंपळगाव बसवंतला कुणालाही विचारा, खुडा झालेली द्राक्षबाग मालाच्या भावाने कोण घेतं? घड ट्रकमध्ये भरून गेले, भाऊ तारा आणि अँगल घेऊन बसले. २०२४-२५ मध्ये मँचेस्टर सिटीच्या हालांडने पहिल्या ५ सामन्यांत १० गोल मारले होते, लिव्हरपूलच्या सालाहने ३. उरलेल्या सगळ्या मोसमात हालांडचे १२, सालाहचे २६. हालांड वाईट होता असं नाही, पण ते १० गोल उशिरा ड्राफ्ट करणाऱ्याच्या काय कामाचे?

दुखापतग्रस्ताकडे ढुंकूनही बघू नका. महिन्याभराने परतणारा माणूस ३८ फेऱ्यांच्या मोसमात काय कामाचा!

पेनल्टी कोण मारतो, हे विचारू नका.

पुढचे सामने कुणाशी आहेत ते बघणं म्हणजे तर ज्योतिष.

उशिरा ड्राफ्ट करण्याचा एकच फायदा असतो. कोण नव्वद मिनिटं खेळतोय, कुणाला साठाव्या मिनिटाला बसवतात, कॉर्नर कुणाकडे गेलेत, हे दिसू लागलेलं असतं. ही माहिती फुकट मिळते, म्हणून तिला किंमत देऊ नका.

आणि हुकमी उपाय म्हणजे, निवड फसली की ड्राफ्टच रद्द करायला लावा. दोन आठवडे बचावपटूने काही दिलं नाही, तेव्हा भाऊंनी ग्रुपवर टाकलं, ‘मोसम सुरू झाल्यावरचा ड्राफ्ट धरत नसतात, परत करू.’ ॲडमिन म्हणाला, ‘मित्रामित्रांत काय एवढं.’ झाल्या परत चिठ्ठ्या. घोटा दुखावलेला म्हणून कुणी न घेतलेला मिडफिल्डर मी ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत राखून घेतला होता. नुकताच परतला, आल्या आल्या गोल मारला. नव्या ड्राफ्टमध्ये तो कुणी नेला? भाऊंनी. तक्त्यात वर आला होता ना!

भाऊ, आता सरळच बोलतो. पहिली चिठ्ठी खिशात टाकताना मोसम सुरू झालेला दिसला नव्हता का? मिसळीवर तर्री मागताना दिसला नव्हता? सौदा ठरवून, माल नेऊन पैसे बुडवणारे द्राक्ष व्यापारी आपण नाशिककरांनी पाहिलेत, त्यांना तुम्हीच चौकात उभं राहून शिव्या घालता. मग तुम्ही वेगळं काय केलंत? निवड तुमची चुकली, भोगायची मी? आणि ॲडमिन, तुझ्या त्या ‘काय एवढं’ने सात जणांची मेहनत पाण्यात घातलीस. पुढच्या वर्षी ड्राफ्ट मोसमाआधी ठेवायचा असेल तर बोलाव, नाहीतर मी नाही.

मिसळीचे पैसेही अजून मीच भरलेले आहेत. तेवढे तरी पाठवा.