क्रेम ते रामोस : मधली चौदा वर्षं विसरू नका

फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरी या लष्करी धाटणीच्या पोलीस दलाच्या प्रमुखांवरचा हा लेख मनापासून आवडला. १९०१ साली अमेरिकनांनी उभं केलेलं हे दल, पहिले प्रमुख हेन्री ॲलन. १९१७ मध्ये राफाएल क्रेम यांच्या रूपाने पहिला फिलिपिनो माणूस त्या खुर्चीत बसला, हे तुम्ही ठळकपणे सांगितलंत, बरं वाटलं.

पण फिदेल रामोस यांच्याबद्दल लेख फारच हात राखून लिहिलाय. १९७२ ते १९८६ ते या दलाचे प्रमुख होते. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) काळात रात्री-अपरात्री दार ठोठावून माणसं उचलणाऱ्यांत याच दलाचे जवान होते. ती जबाबदारी प्रमुखाचीच. फेब्रुवारी १९८६ मध्ये रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली आणि बंडखोरांसह कॅम्प क्रेम या दलाच्या मुख्यालयात ठाण मांडलं, हेही तितकंच खरं. बाहेर मनिला महानगरातल्या एड्सा रस्त्यावर नन्स जपमाळा घेऊन चिलखती गाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्या बायकांनी बंडखोरांना वाचवलं, हे लेखात यायलाच हवं होतं.

१९९१ मध्ये दल विसर्जित होऊन नागरी पोलीस आले. त्यांचं मुख्यालय आजही कॅम्प क्रेममध्येच आहे.