आपकी आईडी ऑनलाइन है

आमच्या घरातलं इंटरनेट दिवसभर बिनबोभाट चालतं. संध्याकाळी हिची मालिका आणि मुलाची परदेशातल्या साहेबांबरोबरची मीटिंग एकदम सुरू झाली, की ते नेमकं मान टाकतं. राउटरवरचा दिवा लाल होतो आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात. बिल माझ्या नावावर येतं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

कस्टमर केअरचा फोन सहजासहजी लागत नाही. तोवर ‘आपकी सुरक्षा हमारी प्राथमिकता है’ हे वाक्य सनईच्या सुरावर ऐकवतात. मग एक मुलगा बोलतो.

‘सर, आपकी आईडी तो ऑनलाइन है.’

‘कहाँ?’

‘सिस्टम में, सर. डाटा भी चल रहा है.’

त्या क्षणी राउटरचा प्लग माझ्या हातात होता. ‘बंद करके वापस चालू कीजिए’ असं त्यानेच सांगितलं होतं आणि मी त्यातलं निम्मं पार पाडून उभा होतो. इकडे दिवा नाही, वीज नाही आणि आमची आयडी मात्र कुठेतरी मजेत सिनेमा बघतेय. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘सेशन अटक गया होगा सर, क्लियर कर देता हूँ.’ त्याने क्लियर केलं, नेट आलं आणि मालिकेतल्या सुनेचे डोळे पुसून व्हायच्या आत परत गेलं.

सेशन अटकतं हे काही खोटं नाही. लाइट गेली की राउटर कुणाचा निरोप न घेता मरतो आणि कंपनीचा सर्व्हर त्याला जिवंत समजून बसतो. एका आयडीवर एकच जण, असा नियम असला, तर मग आपल्यालाच दारात अडवतात. पण मेलेला राउटर डाटा खात नाही, इतपत शास्त्र मलाही येतं.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. याला रामबागेत सगळे भिया म्हणतात. तसं इंदूरमध्ये सगळ्यांनाच म्हणतात, पण याचं तेवढंच नाव ठाऊक आहे. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, तेव्हापासून आमच्या रस्त्यावर केळ्याचं साल शोधून सापडत नाही. स्वच्छतेची नजर मात्र खालीच असते. वर पाहिलं, की खांबावर तारांची भेंडोळी, बंद पडलेल्या केबलवाल्यांचे डबे आणि त्यात अडकलेले पतंग. भिया शिडी लावून त्या भेंडोळ्यात शिरला. खाली ओट्यावर त्याचा पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि वरून आवाज आला, ‘पासवर्ड डाल! कंपनी का नाम, सब छोटे में! फिर एट द रेट! फिर एक दो तीन!’

समोर मटार सोलत बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘अरे, आमचा पण हाच आहे.’

आजी तशा काही खोटं बोलत नाहीत. सगळ्या गल्लीचा हाच होता. यूजरनेम म्हणजे आडनाव आणि पुढे घराचा नंबर, पासवर्ड सगळ्यांना समान. सगळ्यांचे पासवर्ड तुला पाठ कसे, असं विचारल्यावर भियाने अभिमानाने मोबाइल दाखवला. लाइनमन मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात ऑफिसच्या यादीचे फोटो. एका फोटोत यादीवर चहाचा कप ठेवलेला होता. पहिल्या दोन ओळी सोडल्या तर बाकीची यादी सुरक्षित नव्हती.

गल्लीत या विषयावर ज्याच्याशी बोलावं तो म्हणे, ‘वायफायचा पासवर्ड बदला.’ लोकांना हे समजावताना घसा बसतो. वायफायचा पासवर्ड वेगळा, तो आपल्या घरापुरता. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा वेगळा, तो बहुतेकांचा अजून ‘ॲडमिन’च असतो. आणि राउटर कंपनीला ‘मी अमक्याकडचा’ असं सांगतो तो तिसरा. गळती तिसऱ्यात, बदलून बदलून बदलतात पहिला.

रविवारी भाची आली. ती सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे. पोह्यांवर शेव आणि जिरावण घालून घेत तिने मामाची शिकवणी घेतली.

‘मामा, राउटर लॉगिन करतो ना, ती पीपीपीओई नावाची पद्धत 1999 सालची. पासवर्ड तपासायच्या रीती तर त्याहून जुन्या. एक पॅप, 1992ची. तिच्यात राउटर पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा पाठवतो. पण कंपनीने आपल्याकडे तो दळून ठेवला तरी चालतं. पिठाचे परत गहू होत नाहीत. मात्र तू पाठवलेले गहू दळून, पीठ तेच निघतं का, हे बघता येतं.’

‘मग बरंय की.’

‘हो, पण वाटेत कुणी तार ऐकत बसला तर? म्हणून दुसरी रीत, चॅप, तीही 1992चीच. सर्व्हर एक आकडा फेकतो, राउटर त्यात पासवर्ड कालवून फक्त उत्तर पाठवतो. पासवर्ड तारेवर येतच नाही. पण सर्व्हरलाही तेच गणित करायचं, म्हणजे त्याच्याकडे मूळ पासवर्ड अख्खा हवा. तसं त्या रीतीच्या मूळ दस्तऐवजातच लिहिलंय.’

‘म्हणजे एक तर रस्त्यात दिसणार, नाहीतर ऑफिसात?’

‘तसंच.’

‘आणि आपली कंपनी यातली कुठली रीत वापरते?’

‘तुझ्या भियाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे ना? मग रीत कुठली का असेना.’

नीट करणारे करतात, असंही ती म्हणाली. दर घराला वेगळा, वेडावाकडा पासवर्ड द्यायचा, साठवलेले पासवर्ड कुलपात आणि किल्ली दुसरीकडे, फोनवरच्या मुलाला स्क्रीनवर नुसत्या चांदण्या दिसायला हव्यात आणि आयडी त्या घराच्या तारेशीच बांधून टाकायची, म्हणजे दुसऱ्याच्या घरातून ती चालणारच नाही. यातलं काहीही आमच्या गल्लीपर्यंत पोचलेलं नाही. 2022पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाप्रमाणे असल्या कंपन्यांना 180 दिवसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात, हे तिने सांगितलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, की त्या नोंदींत नाव माझं असणार. उद्या कुणी आमच्या आयडीवरून एखाद्या पेन्शनरला लुबाडलं, तर पोलिस पहिले आमच्या दारात.

‘आणि मालिका मात्र त्यांची बघून झालेली,’ ही म्हणाली.

पासवर्ड बदलायचं ठरलं. कंपनीच्या साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ आहे. ते दाबलं, तर नवा करायची लिंक येत नाही, जुनाच पासवर्ड एसएमएसने अख्खा येतो. फोन केला, तर म्हणाले, रजिस्टर्ड ईमेलवरून विनंती पाठवा. रजिस्टर्ड ईमेल कुठला, हे सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या ईमेलवरून विनंत्या गेल्या. एकही चालली नाही. शेवटी आधार घेऊन ऑफिसात गेलो.

काउंटरवरच्या मॅडम शिस्तीच्या होत्या. आधारवरचा फोटो आणि माझा चेहरा त्यांनी आळीपाळीने पाहिला. आधारच्या फोटोत मी जसा दिसतो त्यावरून मला कुणीही काही देऊ नये हे मलाही मान्य आहे. ‘ओळख पटल्याशिवाय नाही सांगता येत सर, सिक्युरिटी आहे,’ असं म्हणत त्यांनी सही दाखवण्यासाठी स्क्रीन माझ्याकडे वळवली. समोर अख्खं रामबाग: नाव, मोबाइल, प्लॅन, पासवर्ड. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळं बघितलं. घरी तीनशे एमबीपीएस आहे असं चारचौघांत सांगणाऱ्या कानिटकर काकांचा प्लॅन चाळीसचा निघाला. त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘एक्स्पायर्ड’ असंही होतं. सकाळी तर चांगले फिरायला भेटले होते.

माझा रजिस्टर्ड ईमेल तिथेच दिसला. तो भियाचा होता. नुसता माझा नव्हे, निम्म्या गल्लीचा. कनेक्शन देताना फॉर्म लवकर भरून व्हावेत म्हणून त्याने सगळीकडे स्वतःचाच टाकला होता.

2023च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती नीट न जपणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हे मी मॅडमना आवाज शक्य तितका खाली ठेवून सांगितलं. ‘हो सर, तो वेगळा डिपार्टमेंट,’ त्या म्हणाल्या. भाचीने लिहून दिलेला लांबलचक पासवर्ड पुढे केल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. ‘एवढा मोठा नका ना ठेवू, आमच्या मुलांना वरून ओरडून सांगायला जड जातं.’ मी हटलो नाही. त्यांनी तो टाइप केला, आठवणीसाठी कागदावर लिहिला आणि कागद माझ्या आधारच्या झेरॉक्सला टाचून ट्रेमध्ये ठेवला. ईमेल मात्र आज बदलता येणार नव्हता. त्याचा फॉर्म निराळा आणि तो देणारा जेवायला गेलेला.

घरी येऊन नवा पासवर्ड राउटरमध्ये घातला. संध्याकाळी मालिका चालली, मीटिंग चालली, दिवा हिरवा. आणि मग कानिटकर काकांचा फोन.

‘अहो, तुमच्याकडे नेट आहे का हो? आमच्याकडे लाल दिवा. कस्टमर केअरवाला म्हणतो, पासवर्ड चुकतोय.’

‘तुमचा प्लॅन संपलाय ना काका?’

‘तो कधीच संपलाय. भियाने तात्पुरती कुठलीशी आयडी घालून दिली होती, ती छान चालत होती. संध्याकाळी तर अगदी सुसाट. आता काय झालं कुणास ठाऊक. पण काळजी नाही, केलाय मी त्याला फोन. म्हणाला, नवीन पासवर्डचा ईमेल आलाय, जेवण झालं की बघून सांगतो.’