सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नाहीत

माझे मोठे बाबा टूरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद या पट्ट्यात कुठं यात्रा भरली की तंबू लागायचा. दिवाळीनंतर कापूस विकून लोकांच्या हाती चार पैसे आले की त्यांचा सीझन सुरू. 'शोले' त्यांनी किती वेळा चालवला याचा हिशेब त्यांनाही सांगता येत नाही. कोणत्या रिळात कोणता डायलॉग आहे, हे मात्र आजही तोंडपाठ आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये 'शोले' नव्यानं साफसूफ होऊन, मूळ शेवटासह थिएटरात लागला. ऐन वेचणीचे दिवस होते, तरी मी त्यांना घेऊन अमरावतीला गेलो. शेवटी ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवू लागला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "आता पोलीस येते पाय," ते म्हणाले.

पोलीस आले नाहीत. ठाकूरनं गब्बरला मारलं.

येताना बडनेऱ्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "म्हंजे म्या इतके वर्सं लोकायले खोटा पिक्चर दाखोला का रे?"

मी "नाही" म्हटलं, पण का नाही, ते मला नीट सांगता आलं नाही. ते सांगायला ही पोस्ट लिहितोय.

झालं होतं असं. सिनेमा तयार झाला तेव्हा शेवट हाच होता. पण १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन माणूस मारतो, हे सेन्सॉरला चाललं नाही. मग पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, असा शेवट नव्यानं चित्रित करावा लागला आणि १५ ऑगस्ट १९७५ला तोच लोकांसमोर आला. आपल्या सचिन पिळगावकरांनी केलेल्या अहमदच्या मरणाचा प्रसंगही गेला. आपण पाहिलं ते एवढंच, की गब्बर हातावर चालणारा किडा चिरडतो आणि पुढं घोड्यावरून पोराचं प्रेत गावात येतं.

फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सच्या लोकांनी इंग्लंडमध्ये गोदामात पडून असलेल्या रिळांपर्यंत जाऊन हे काम केलं. जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याला तो दाखवला आणि मग आपल्याकडे आणला. सत्तर एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती म्हणतात. ज्या सिनेमावर दोन पिढ्या बोलायला शिकल्या, त्याची ही गत! वाचून माझ्या पोटात कालवलं होतं.

आता याच्या अगदी उलटं एक प्रकरण अमेरिकेत चाललंय. 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ला आला. १९९७ मध्ये त्याचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास यानंच त्यात संगणकानं नवे प्राणी घातले, नवी दृश्यं घातली. एका गुत्त्यात नायक समोरच्याला आधी गोळी घालतो, तिथं समोरच्यालाच आधी गोळी झाडायला लावली. नायक जरा सज्जन झाला. तो बदल आवडला की नाही, हा भाग वेगळा. खरी गोष्ट अशी, की त्यानंतर मूळ सिनेमा चांगल्या रूपात मिळेनासाच झाला. २००६ मध्ये डीव्हीडीवर दिला, तोही बदललेल्या सिनेमाच्या जोडीला, १९९३च्या लेझरडिस्कच्या मास्टरवरून काढलेला, धुरकट. तेव्हापासून चाहते मागणी करत आहेत. काहींनी तर जुन्या पस्तीस एमएमच्या प्रिंटा शोधून, एकेक फ्रेम स्कॅन करून, वर्षानुवर्षं घरी बसून मूळ सिनेमा परत उभा केला. कायद्यानं त्यांना तो अधिकार नाही, हे मला कळतं. तरीही त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच लुकासनं १९८८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर साक्ष दिली होती. कृष्णधवल सिनेमांना मागाहून रंग फासण्याच्या विरोधात तो तिथं बोलला. जुन्या कलाकृती अशा बदलू देऊ नका, तो सगळ्यांचा वारसा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाइतकंच आजही बरोबर वाटतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या सिनेमालाही लागू आहे.

"ज्यानं केला त्याचा सिनेमा, तो काहीही करेल," असं माझा एक मित्र म्हणतो. करू दे की. रंग घाला, लांबी कमी करा, शेवट बदला. पण पहिला लोकांपासून काढून घेऊ नका. आणि आता तर करणाऱ्याला विचारायचीही गरज उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयनं शेवट बदलून, नायकाला जिवंत करून, पुन्हा थिएटरात लावली. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष दोघांनीही विरोध केला, काही उपयोग झाला नाही. हे वाचलं त्या रात्री मला खरंच भीती वाटली. उद्या कोणी 'सामना'चा शेवट गोड करून ठेवला आणि पुढच्या पोरांना तोच मिळाला तर?

जुना हातानं लिहिलेला सातबारा आठवा. माणूस वारला, वाटणी झाली, जमीन विकली, तरी तलाठी जुनं नाव खोडून टाकत नसे. त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफारचा नंबर लिहायचा. आमच्या घरचा चार एकराचा वाद त्या कंसातल्या नावामुळंच सुटला. आज्याचं नाव तिथं वाचता आलं म्हणून. सिनेमाचं एवढंच करा. नवी नोंद घ्या, जुनीला कंस करा, वाचता येऊ द्या.

म्हणून मोठ्या बाबांना माझं उत्तर असं, की तुम्ही खोटा सिनेमा दाखवला नाही. तंबूत सतरंजीवर बसून आपल्या लोकांनी पाहिला तोही 'शोले'च, आणि पोलीस येणारा तो शेवटही जपून ठेवला पाहिजे. आणीबाणीत सरकार सिनेमाचं काय करू शकत होतं, याचा तो पुरावा आहे. नवा आला म्हणून पन्नास वर्षांचा जुना गायब झाला, तर मी त्याच्यासाठीही असाच ओरडेन.

'स्टार वॉर्स'वाल्यांच्या चिकाटीला फळ आलं आहे. १९७७चा मूळ सिनेमा दुरुस्त करून फेब्रुवारी २०२७ मध्ये पन्नाशीनिमित्त थिएटरात आणू, असं कंपनीनं जाहीर केलंय. तिकडची बातमी वाचून इकडे यवतमाळ जिल्ह्यात माझे डोळे भरून आले.

काल मोठ्या बाबांनी माळ्यावरून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. रीळ तुटलं की दोन्ही टोकं कापून जोडावं लागायचं, त्यात कापलेले तुकडे ते फेकत नसत. डब्यात असे शेकडो तुकडे आहेत, कुठं चार फ्रेमा, कुठं दहा. काही पार गुलाबी पडलेत, काहींना आंबट वास येतो. प्रत्येक तुकडा उजेडाकडं धरून त्यांनी मला सिनेमाचं नाव सांगितलं. दोनच ओळखता आले नाहीत.

आपल्या भागात कोणाकडं जुन्या टॉकीजची रिळं, पेट्या, पोस्टर पडून असतील तर भंगारात देऊ नका. उन्हातही ठेवू नका. मला सांगा, मी स्वतः येतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत न्यायचं तरी नेऊ.