जिराफाला 'अहो' म्हणायचं की 'अरे'?

आज पहाटे मी स्वतःच्याच हसण्याने जागी झाले. स्वप्नात आमच्या घरी एक जिराफ भाडेकरू म्हणून आला होता. मान खिडकीबाहेर, बाकीचा देह पलंगावर आणि पुढच्या खुरात भाडेकरार. तो जिन्याने आला का, दारातून मावला कसा, हे काही मला विचारावंसं वाटलं नाही. घोर लागला होता तो एकाच गोष्टीचा: याला 'अहो' म्हणायचं की 'अरे'? वयाने माझ्याहून लहानच असणार, पण उंचीने केवढा मोठा! 'अरे' म्हटलं तर उद्धटपणा, 'अहो' म्हटलं तर उगाच डोक्यावर बसायचा. (खरोखर बसला असता तर माझं काय झालं असतं, हेही सुचलं नाही.) शेवटी मी अडचणीत सापडलेली मराठी माणसं करतात तेच केलं, कर्मणी प्रयोगाला शरण गेले. "सही केली जाईल का?" तो तितक्याच अदबीने म्हणाला, "केली जाईल." तिथे मला जे हसू फुटलं, त्याने झोपच मोडली.

हे ज्याला सांगावं तो विचारतो, "मग याचा अर्थ काय?" अरे, अर्थ कशाला हवा? मला तर जिराफापेक्षा माझी चिंताच जास्त विचित्र वाटते. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे डोळे पापण्यांआड भराभर फिरतात त्या झोपेत (ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी ती 1953 साली जगापुढे मांडली), कपाळामागचा तर्क करणारा भाग मंदावतो, भावनांचा भाग मात्र जोरात चालू असतो. म्हणजे 'हे शक्य आहे का?' विचारणारा रजेवर आणि 'लोक काय म्हणतील?' विचारणारा हजर! माझ्या डोक्यात दिवसाही फार वेगळं काही चालत नाही म्हणा.

ही झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून पहाटेचीच स्वप्नं जास्त हाती लागतात. तीही लगेच निसटतात. त्या झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे एरवी आपल्याला सावध ठेवणारं रसायन, अगदी तळाला गेलेलं असतं, विसरण्यामागचं एक कारण तेच मानलं जातं. म्हणून मी अंधारातच मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तर तीनच शब्द: 'जिराफ. अहो. शिडी.' जिराफ कळला, अहो कळलं. शिडी कुठली? मला आठवत असलेल्या स्वप्नात शिडी नाहीच. जिराफाच्या घरात शिडीचं काम तरी काय?

तेव्हापासून मला माझाच संशय येतोय. केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बेंझिनचा रेणू वलयासारखा असतो ही कल्पना 1865 मध्ये छापली, पण ती ज्यातून सुचली म्हणे, ते स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचं स्वप्न जाहीर सभेत सांगितलं 1890 मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत तो साप किती गुटगुटीत झाला असेल, कोण जाणे! माझ्या स्वप्नाला अजून पंचवीस तासही झाले नाहीत. सकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा जिराफ नुसता "केली जाईल" म्हणाला होता. दुपारी मैत्रिणीला सांगताना त्याने आधी घसा खाकरला. संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगत होते, तर त्याच्या नाकावर चष्मा होता.